माळ्यावरचा रेकॉर्ड प्लेयर: प्लग लावण्याआधी वाचा

माहीम, माटुंगा, दादर, गिरगाव इथल्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला निघाल्या आहेत आणि घरं रिकामी करताना माळ्यांवरून रेकॉर्ड प्लेयर खाली येत आहेत. कुणाकडे चार पायांवरचा रेडिओग्राम, कुणाकडे एचएमव्हीचा सूटकेसवाला फिएस्टा, कुणाकडे बोटीवर नोकरी केलेल्या काकांनी आणलेला गॅरार्डचा चेंजर. मशीन कुठलंही असो, प्रश्न ठरलेले असतात. चालू करून बघू का? पिन कुठे मिळेल? मिस्त्री एवढे पैसे सांगतोय, द्यावेत का?

पहिल्याचं उत्तर: लगेच चालू करू नका. दुसऱ्याचं: पिन शेवटी. तिसऱ्याचं उत्तर मात्र साफसफाई स्वतः करून पाहिल्याशिवाय मिळत नाही. बंद पडलेल्या बहुतेक प्लेयरमध्ये मोटर जळलेली नसते. ग्रीस गोठलेलं असतं, रबर कडक झालेलं असतं आणि तारांच्या टोकांवर गंज धरलेला असतो. ही तिन्ही दुखणी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून दूर करता येतात. लोक नेमकं उलटं करतात. आधी पिन बदलतात, मग ती बसते ते कार्ट्रिज, मग अ‍ॅम्प्लिफायर, आणि शेवटी कळतं की थाळीच मुळात हळू फिरत होती.

आधी ओळखा: तुमच्याकडे नेमकं काय आहे?

- चावीचा ग्रामोफोन. वीज नाही, स्प्रिंगवर चालतो. फक्त ७८ फेऱ्यांच्या जुन्या, जड, फुटणाऱ्या तबकड्यांसाठी. त्याची पोलादी पिन दर बाजूला बदलायची असते. त्यावर एलपी कधीही लावू नका, एकदाच लावली तरी ती कायमची खरवडली जाते.
- सूटकेस प्लेयर, रेडिओग्राम, चेंजर. मुंबईच्या घरांत सापडतात ते जास्त करून हेच. थाळी बहुधा आतल्या रबरी चाकावर फिरते आणि कार्ट्रिज क्रिस्टल किंवा सिरॅमिक जातीचं असतं.
- सुटा हाय-फाय डेक. पट्ट्यावर किंवा थेट मोटरवर फिरणारा, मॅग्नेटिक कार्ट्रिजचा. याला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो.

प्लेयर परदेशातून आलेला असेल तर मागची पट्टी वाचा. तिथे ‘६० हर्ट्झ’ लिहिलेलं असेल तर थांबा, त्याबद्दल पुढे सांगितलं आहे.

चोरबाजारातून चकचकीत पितळी कर्ण्याचा ‘ब्रिटिशकालीन’ ग्रामोफोन घ्यायचा विचार असेल, तर तो दिवाणखान्यात ठेवण्यापुरताच घ्या. इकडचा सांगाडा, तिकडची मोटर आणि वर कुत्र्याचं स्टिकर, अशी जुळवाजुळव केलेले नग तिथे भरपूर आहेत. ते दिसतात छान. वाजवायला मात्र खरा हवा.

प्लग लावण्याआधी

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे घाई करू नका. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सुमारे २५० व्होल्टचा डीसी दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही वेळ टिकून राहतो. काही जुन्या स्वस्त सेटमध्ये ट्रान्सफॉर्मरच नसतो. त्यांची लोखंडी चासी थेट मेन्सला जोडलेली असते, आणि दोन पिनांचा प्लग उलटा बसला तर हात लावाल तिथे करंट. व्हॉल्व्ह असलेला सेट उघडून आत हात घालणं हे जाणकाराचंच काम. घरी करायचं ते एवढंच:

१. वायर बोटांनी किंचित वाकवून पाहा. कव्हर तडकत असेल तर आख्खी वायर बदलून घ्या, चिकटपट्टी गुंडाळू नका.
२. झाकण उघडून झुरळांची अंडी, उंदराने कुरतडलेल्या तारा आणि फुगलेले किंवा तडकलेले कपॅसिटर दिसतात का ते बघा.
३. वाहतुकीचे स्क्रू शोधा. मोटरबोर्ड प्रवासात हलू नये म्हणून ते आवळलेले असतात. घर बदलताना कुणीतरी आवळले आणि मग विसरले, असं सर्रास होतं. ते सैल केल्यावर मोटरबोर्ड स्प्रिंगवर तरंगायला हवा.
४. थाळी हाताने फिरवा. ती जड किंवा खरखरत फिरत असेल तर वीज द्यायची वेळ अजून आलेली नाही.

पहिली वीज इलेक्ट्रिशियनकडून सिरीज बोर्डवर देऊन घ्या. ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब प्लेयरच्या रांगेत जोडलेला असतो. बल्ब मंद राहिला किंवा पेटलाच नाही तर ठीक. लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे. बल्बाने मार खाल्ला, तुमचा प्लेयर वाचला.

आणखी एक भाग न विसरता बदलून घ्या: मोटरच्या स्विचवरचा, ठिणगी दाबणारा छोटा कपॅसिटर. जुने कागदी कपॅसिटर तडकतात, ओल शोषतात आणि एक दिवस फट् करून धूर सोडतात. त्या जागी एक्स-टू वर्गाचा, २७५ व्होल्ट एसीचाच कपॅसिटर हवा. दुकानदार ‘हा पण चालेल’ म्हणाला तरी दुसरा घेऊ नका.

गोठलेलं ग्रीस

माहीमच्या खाडीवरून येणारी खारी, दमट हवा लोखंडाला सोडत नाही, आणि त्यावर पन्नास वर्षांपूर्वीच्या ग्रीसचा मेणासारखा थर बसलेला असतो. पुढची कृती गॅरार्ड, बीएसआर, फिलिप्स यांपैकी बहुतेकांना थोड्याफार फरकाने लागू पडते. लागणारं सामान साधं आहे: आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या, जुना टूथब्रश, शिलाई मशीनचं तेल आणि थोडं पांढरं लिथियम ग्रीस.

रबरी मॅट उचला. मधल्या दांड्यावर इंग्रजी ‘सी’च्या आकाराची बारीक क्लिप असेल तर ती काढताना वर फडकं धरा. ती उडाली की सोफ्याखालीच जाते आणि तशी दुसरी मिळत नाही. थाळी सरळ वर उचला. खाली छर्ऱ्यांची चकती आणि तिच्या वर-खाली वॉशर असतील. कुठला वॉशर वर आणि कुठला खाली, हे लक्षात राहील असं वाटतं, पण राहत नाही. प्रत्येक थर काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि भाग त्याच क्रमाने ताटलीत मांडा.

छर्रे आणि दांडा अल्कोहोलने चकाचक पुसून शिलाई मशीनचं तेल दोन थेंब द्या. मोटरच्या वरच्या-खालच्या बेअरिंगना एकेक थेंब. नारळाचं तेल नको. ते हिवाळ्यात थिजतं आणि नंतर चिकट होतं. गंजावर मारायचा स्प्रे हाही वंगण म्हणून चालत नाही. तो उडून जातो, आणि मारताना रबरावर पडला तर त्याचं नुकसान करतो.

आता चेंजरचं खरं दुखणं. रेकॉर्ड संपली की पिनेचा हात आपोआप उठून परत यावा यासाठी थाळीखाली दोन नाजूक, हलक्या पट्ट्या असतात. शेवटच्या खाचेत हात झपकन आत सरकला की त्या एकमेकींना ढकलतात आणि यंत्रणा सुरू होते. त्यांच्या खिळीवरचं ग्रीस घट्ट झालं की दोन लक्षणं दिसतात: हात परत येत नाही, किंवा शेवटच्या गाण्यापाशी रेकॉर्ड अडकते. हे बघून लोक रेकॉर्डला दोष देतात. या पट्ट्या काढून पुसा आणि कोरड्याच ठेवा. इथे तेलाचा थेंब घातला की काही महिन्यांत पुन्हा तेच. त्या फुंकरीने हलायला हव्यात, हीच त्यांची परीक्षा. मोठ्या दातेरी चाकाच्या खाचेत मात्र ग्रीसचं बोट फिरवा. तिथे धातू धातूवर घासतो.

एवढं झाल्यावर थाळी बसवून हाताने पूर्ण आवर्तन फिरवा. हात उठला, बाहेर गेला, खाली आला, म्हणजे मिस्त्रीच्या कामाचा मोठा भाग तुम्ही केलात.

वेग: शंभर फेऱ्या, तीन मिनिटं

रबरी चाकावर तेल लागलेलं नसावं. कडा अल्कोहोलने पुसा. रबर चकाकत असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच खरखरीत करा. प्लेयर वर्षानुवर्षं गिअरमध्येच राहिला असेल तर चाकावर एका जागी दाब पडतो आणि दर फेरीला ‘ठक’ असा आवाज येतो. बारीक खड्डा वापराने भरून येतो, खोल असेल तर रबर नवं चढवून लेथवर गोल करून घ्यावं लागतं. पट्ट्याचा डेक असेल तर पट्टा बहुधा डांबर होऊन पुलीला चिकटलेला असेल. तो पूर्ण खरवडून काढा, दोऱ्याने पट्ट्याची पूर्ण वाट मोजा आणि त्याहून साधारण ५ टक्के लहान, चपटा पट्टा घ्या. कॅसेट डेकचा चौकोनी पट्टा बसतो, पण नीट चालत नाही.

एलपीचा वेग मिनिटाला ३३⅓ फेऱ्या, म्हणजे बरोबर तीन मिनिटांत १००. थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा, रेकॉर्डवर पिन ठेवून मोबाइलच्या घड्याळावर मोजा. पिन टेकलेली हवी, कारण थकलेली मोटर भार आल्यावरच मागे पडते. वेग बरोबर असला की रेघा थांबलेल्या दिसतात ती स्ट्रोबची चकती वापरणार असाल तर आपल्या ५० हर्ट्झसाठी १८० रेघांची घ्या. अमेरिकन चकतीवर २१६ असतात. शिवाय एलईडी दिव्याखाली रेघा बहुधा नीट थांबलेल्या दिसत नाहीत, निऑन किंवा जुन्या चोकची ट्यूब लागते.

आता ६० हर्ट्झवाल्यांसाठी. अमेरिकेतून आलेल्या प्लेयरला ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला की झालं, असं दुकानातही सांगतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, हर्ट्झ बदलत नाही. साधी एसी मोटर आपल्याकडे एक-षष्ठांश हळू फिरते आणि काळी चारमध्ये गाणारी गायिका पांढरी चारवर येऊन बसते. उपाय म्हणजे मोटरवरची ५० हर्ट्झची पुली, व्यास सुमारे २० टक्के मोठा. डीसी किंवा क्वार्ट्झ मोटर असलेल्या थेट फिरणाऱ्या डेकला ही अडचण नाही. त्यांना व्होल्ट जुळले की पुरे.

पिन आणि कार्ट्रिज

जुनं क्रिस्टल कार्ट्रिज रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराच्या स्फटिकावर चालतं. तो ओल ओढून घेतो आणि विरघळतो. इतके पावसाळे माळ्यावर काढलेलं क्रिस्टल कार्ट्रिज मुंबईत जिवंत सापडलं तर नशीब समजा. तेव्हा नवी पिन घेण्याआधी कार्ट्रिज तपासा. आवाज कमी ठेवून मऊ रंगाच्या ब्रशने पिनेला हलकेच स्पर्श करा. स्पीकरमध्ये खसखस आली तर कार्ट्रिज जिवंत. नाही आली तर मागच्या चार बारीक क्लिपा चिमट्याने काढून टोकं अल्कोहोलने पुसा आणि परत लावा: पांढरी व निळी डाव्या बाजूच्या, लाल व हिरवी उजव्या. तिथे कधीही डाग द्यायला जाऊ नका, उष्णतेने आतली बारीक जोडणी जाते. तरीही शांतता असेल तर सिरॅमिक कार्ट्रिज घाला. हवा त्याला एवढी बाधत नाही.

- एलपी आणि ७८ ची पिन वेगळी. ७८ च्या खाचेला सुमारे ७५ मायक्रॉनचं टोक लागतं, एलपीला सुमारे १८. जुन्या हेडवर पिन उलटवायची छोटी पट्टी असते. ती कुठल्या बाजूला आहे, हे दर वेळी पाहा.
- आयुष्य. नीलमण्याची पिन सुमारे ५० तास, हिऱ्याची ५०० ते १०००. माळ्यावरच्या प्लेयरची पिन किती वाजली हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून चांगली रेकॉर्ड लावण्याआधी ती बदलाच.
- वजन. सिरॅमिकला ३ ते ६ ग्रॅम, मॅग्नेटिकला साधारण दीड ते अडीच. मोजायला छोटा डिजिटल काटा मिळतो.
- जोडणी. मॅग्नेटिक कार्ट्रिजचा आवाज अगदी क्षीण असतो, जेमतेम ३ ते ५ मिलीव्होल्ट. त्याला अ‍ॅम्प्लिफायरवर ‘फोनो’ची जागा किंवा वेगळा फोनो प्री-अ‍ॅम्प लागतो. सिरॅमिकला ‘फोनो’ नको, जास्त रोधाची साधी जागा हवी. उलटसुलट लावलं की एक पुटपुटतं आणि दुसरं फाटकं बोंबलतं.

रेकॉर्ड अडकू नये म्हणून हेडवर चार आण्याचं नाणं ठेवायची पद्धत घराघरांत होती. ती सोडा. हात अडतो तो सांध्यातल्या घट्टपणामुळे किंवा पिन झिजल्यामुळे. नाण्याने अडकणं थांबतं, पण खाच खणली जाते.

काय झालं म्हणजे काय बघायचं

- एकसारखी घूं: डेकची अर्थिंगची वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या स्क्रूला लावा. नंतर घराचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या इमारतीत ते नुसतं भिंतीतल्या भोकापुरतं असू शकतं.
- एकच स्पीकर: प्लेयरकडून येणाऱ्या डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करा. गप्प बाजू बदलली तर दोष प्लेयरमध्ये, नाही बदलली तर स्पीकरमध्ये किंवा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये.
- बटण फिरवताना कर्रकर्र: कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वारंवार फिरवा. नवं बटण बहुधा लागत नाही.
- सूर लाटेसारखा हेलकावतो: पट्टा, रबरी चाक, नाहीतर रेकॉर्डचं मधलं भोक मध्यावर नाही.
- सगळं ठीक, पण चालताना पिन उडते: दोष प्लेयरचा नाही, तुमच्या जमिनीचा. जुन्या चाळीत आणि इमारतीत लाकडी तुळयांवरची जमीन पावलागणिक हलते. प्लेयर टेबलावरून उचलून भार सोसणाऱ्या भिंतीतल्या फळीवर ठेवा आणि पाण्याच्या लेव्हलने समतल करा. रेल्वेलगत राहणाऱ्यांनाही हाच उपाय.

तबकड्या धुताना

एलपीवरची बुरशी डिस्टिल्ड वॉटर, भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब आणि मऊ ब्रश यांनी खाचेच्या दिशेने घासली की जाते. नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने धुवा, उभ्या वाळवा. नळाचं पाणी क्षार मागे सोडतं. ७८ च्या तबकड्यांना अल्कोहोल लावायचं नाही. त्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. बालगंधर्वांचं पद एका फडक्यात पुसलं जाईल.

ठेवताना सगळ्या उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत नको, आणि पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका. माळा हवाच असेल तर सामानासाठी ठेवा, रेकॉर्ड तिथे तापून वाकतात. रद्दीवाल्याला देण्याआधी लेबलं वाचा. एचएमव्ही, ओडियन, १९३५ मध्ये मुंबईत सुरू झालेलं ‘यंग इंडिया’, असं काही दिसलं तर जाणकाराला दाखवा. १९९० मध्ये स्थापन झालेली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संग्राहकांची संस्था मुंबईचीच आहे.

कुठे जायचं?

सुट्या वस्तू, म्हणजे कॉन्टॅक्ट क्लीनर, एक्स-टू कपॅसिटर, डिन प्लगपासून आरसीएवर न्यायची वायर, या लॅमिंग्टन रोडला मिळतात. नावाने नव्हे, जुना भाग हातात घेऊन जा. मॉडेलचे भाग हवे असतील तर चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, त्याच मॉडेलचा मेलेला प्लेयर शोधा. एका रबरी चाकासाठी आख्खा डबा घेणं पुष्कळदा स्वस्त पडतं. आणि मोठ्या दुरुस्तीवर पैसे लावण्याआधी नीट बसवलेला टर्नटेबल एकदा कानाने ऐका. माहीममध्येच ‘द रिव्हॉल्व्हर क्लब’ हे रेकॉर्ड आणि टर्नटेबलचं दुकान आहे. ऐकल्यावर ठरेल, तुम्हाला आजोबांचा रेडिओग्राम जसा होता तसा हवा आहे, की रेकॉर्ड चांगल्या वाजायला हव्या आहेत. माझं मत विचाराल तर दुसरी इच्छा असेल तेव्हा सूटकेस प्लेयरवर मोठा खर्च करू नका. तो साफ करा, जपा, आणि एलपीसाठी वेगळा डेक घ्या.

दुरुस्तीला देताना

तोंडी व्यवहार टाळा. पावतीवर मॉडेल, नंबर, कार्ट्रिजचं नाव, अंदाजे खर्च आणि ‘काढलेले जुने भाग परत देणे’ एवढं लिहून घ्या. शेवटचं वाक्य महत्त्वाचं. चांगलं कार्ट्रिज जाऊन स्वस्त बसलं, हे घरी आल्यावर सिद्ध करता येत नाही. देताना पिनेचा आणि आतल्या भागाचा फोटो काढा.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू परत घ्यायला किंवा सदोष सेवेचे पैसे परत द्यायला बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, नकार देणं हीही तशीच प्रथा ठरते. ‘जुना माल आहे, गॅरंटी नाही’ असं म्हणून दुकानदार ‘चालू आहे’ सांगत बंद मशीन विकू शकत नाही. मात्र धंदा न करणाऱ्या खासगी माणसाकडून जाहिरात बघून घेतलेल्या प्लेयरला हा कायदा उपयोगी पडत नाही, तिथे पैसे देण्याआधी वाजवून घ्या.

वाद झालाच तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. मुंबई ग्राहक पंचायतीकडेही मार्गदर्शन मिळतं. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात करता येते, ऑनलाइनही करता येते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं.